तीन वार म्हणण्याआधी

१२ जून

आदरणीय आजोबांना,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या नातीच्या शाळेतली स्पीच थेरपिस्ट. मुलं मला बोलताई म्हणतात. तुमच्या सूनबाईंकडून कळलं की साथ आल्यापासून त्या हॉस्पिटलात बारा-बारा तास असतात, तुमचा मुलगा ट्रक घेऊन बाहेरगावी असतो आणि भिंगरी दिवसभर तुमच्याजवळ असते. म्हणून हे पत्र तुम्हाला.

फोनवर शिकवायचा प्रयत्न मी चार वेळा केला. पडद्यावर माझं तोंड दिसलं की ती टेबलाखाली जाते. मध्येच माझा आवाज तुटला की तिला वाटतं, तीच अडखळली. मग ठरवलं की पत्रं लिहायची. पत्राला रेंज लागत नाही.

कशासाठी एवढा खटाटोप, ते आधी सांगते. शाळा बंद व्हायच्या आठवड्यात वर्गात प्रत्येकानं उभं राहून आपलं नाव आणि घरची माहिती सांगायची होती. भिंगरीची पाळी आली आणि तिचं नाव पहिल्याच अक्षरावर अडलं. मुलं हसली. वर्गातल्या बाईंनी घाईघाईनं तिचं नाव स्वतःच सांगून टाकलं आणि तिला बसवलं. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "मी आता शाळेत नाही येणार." तिसऱ्या दिवशी शाळाच बंद झाली. शाळेनं आपलं ऐकलं अशी तिची समजूत आहे.

शाळा उघडली की ती ओळख पुन्हा होणार आहे. तिला एक वर्ष घरीच ठेवावं असं तुमच्या मुलाच्या मनात आहे, हेही सूनबाईंनी सांगितलं. आजोबा, तसं होऊ देऊ नका. सात वर्षांचं मूल एक वर्ष मागे सरलं की पुढच्या वर्षी त्याला आणखी मागे सरावंसं वाटतं.

सोबत वही पाठवते आहे. काम तीनच. रोज पंधरा मिनिटं तिच्याशी नुसतं खेळायचं, खेळ तिनं निवडायचा, तुम्ही प्रश्न विचारायचे नाहीत. ती अडखळली तर शब्द पुरा करून द्यायचा नाही, "सावकाश बोल" असंही म्हणायचं नाही, तिच्याकडे बघत थांबायचं. आणि तुम्ही स्वतः सावकाश बोलायचं. संध्याकाळी वहीत एक आकडा टाकायचा: अजिबात अडखळली नाही तर शून्य, दिवसभर अडखळली तर नऊ.

तुम्हाला काही शंका असल्यास जरूर लिहा. मी नोकरीत नवीन आहे, पण मन लावून काम करते.

आपली नम्र,
बोलताई


१८ जून

बोलताईंना लिलाववाल्याचा नमस्कार.

वही मिळाली. खेळायचं औषध आवडलं. आमच्या लहानपणी औषध कडू असायचं.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगतो. मी चौतीस वर्षं जुन्या सामानाच्या लिलावात पुकारा करतो. कपाटं, टेबलं, आरसे, गेलेल्या माणसांचे पलंग. सध्या हॉल बंद आहे. दोनशे खुर्च्या रांगेत मांडून ठेवल्यात आणि त्यांच्यावर बसायला कुणी नाही.

तुमची पहिली गोष्ट जमते. काल तिनं मला वाघ केलं आणि पंधरा मिनिटं पलंगाखाली ठेवलं. वाघानं प्रश्न विचारले नाहीत. निघताना मात्र वाघाची कंबर धरली.

दुसरी गोष्ट जमत नाही. आमच्या धंद्यात गप्प बसणं म्हणजे माल हातचा जाणं. कुणी बोली लावता लावता थांबला की मी विचारत बसत नाही. एक वार, दोन वार, तीन वार, हातोडा. काल जेवताना भिंगरी म्हणाली, "मला प-प-प..." मी म्हटलं, "पाणी!" आणि ग्लास पुढे केला. तिला पंखा हवा होता. तिनं घाम पुसला आणि पाणी प्यायली. तिला तहान नव्हती हो. मला वाईट वाटलं.

तिसरी गोष्ट तर विसराच. माझा मुलगा म्हणतो, बाबा एका श्वासात बाजार करून येतात.

आकडे: सात, सात, सहा, आठ, सात. आठ त्या दिवशी, ज्या दिवशी शेजारच्या काकू दारात आल्या आणि "काय गं, दातखीळ बसली का?" म्हणाल्या. मी त्यांना दोन वार सुनावलं. तिसरा राखून ठेवलाय.

भिंगरीनं सांगितलंय की तुमचे हात थंड असतात. पंख्याखाली बसू नका.

आपला,
आजोबा


२३ जून

आदरणीय आजोबा,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती लाँड्रीत इस्त्री करते. वाघाच्या कंबरेवर गरम कपड्यानं शेक द्यावा, असा तिचा निरोप आहे.

थांबणं जमत नसेल तर एक युक्ती. भिंगरी अडली की आपले दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसायचं. हात बांधलेले असले की तोंडही थोडं आवरतं. मी घरी वडिलांवर करून पाहिलं. ते बांधकामावर मुकादम आहेत, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्याला कामाला लावायची सवय. दोन दिवस हातांवर बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चार वर्षं कॉलेजात जाऊन तू लोकांना हातांवर बसायला शिकवतेस? आणि बोलायला तर आम्ही तुला फुकटात शिकवलं होतं."

आमच्या घरात मी पहिलीच पदवीधर. त्यामुळे मला येतं ते सगळं पुस्तकातून आलंय, असं त्यांना वाटतं. ते फारसं चूक नाही.

थोडी कळ काढा. पहिल्या महिन्यात आकडे हलत नाहीत. निराश होऊ नका.

आपली नम्र,
बोलताई


२ जुलै

बोलताई,

आकडे: पाच, तीन, दोन, एक, एक, शून्य, शून्य.

महिना कशाला लागतो? स्वतःचं पूर्ण नाव तिनं काल सलग दहा वेळा घेतलं, एकदाही न अडता. दोन-तीन दिवस हातांवर बसलो. नंतर गरजच पडली नाही.

कसं केलं ते सांगणार नाही. शाळा उघडली की बघा.

आपला,
आजोबा


६ जुलै

आदरणीय आजोबा,

तुमचं पत्र हातात घेऊन मी गच्चीत पळत गेले आणि वाळत घातलेल्या चादरींमध्ये उभी राहून तीन वेळा वाचलं. शून्य, शून्य! माझ्या वरिष्ठ बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "दोन आठवड्यांत? जरा जपून." पण त्या नेहमीच जपून असतात. मी आमच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं की कुटुंबानं मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, याचं हे उदाहरण आहे. टाळ्या पडल्या. खरं तर त्या तुमच्या आहेत.

आता कृपया गुपित ठेवू नका. माझ्याकडे अशी आणखी अकरा मुलं आहेत. तुम्ही काय केलंत ते सविस्तर लिहा, मी त्या अकरा घरी पाठवते.

आपली,
बोलताई


१२ जुलै

बोलताई,

अकरा घरी जाणार म्हणता, तर लिहितो.

मी तिला पुकारा शिकवला. अगदी सोपं आहे. हातात चमचा घ्यायचा, टेबलावर ठेका धरायचा आणि सगळं त्या चालीवर, भरभर, श्वास न सोडता. "एक ग्लास पाणी, गार गार पाणी, कोण देतं पाणी, एक वार, दोन वार!" की पाणी हजर. ठेक्यावर शब्द अडतच नाही. चालत्या बैलगाडीत चढल्यासारखं आहे, चाक फिरतंय तोवर माणूस बसून जातो.

सकाळी उठल्या उठल्या तिनं माझ्या चपलेचा लिलाव केला. उजव्या पायाची. मग शेजारच्या काकूंचा केला, त्यांच्या तोंडावर. "एक काकू, जुनी काकू, आवाज चालू, झाकण ढिलं." बोली कुणी लावली नाही. सूनबाई रात्रपाळीहून येऊन झोपलेली असते, ती उशी कानावर दाबून म्हणाली, "बाबा, त्या चमच्याचा लिलाव करा आधी."

नावही ती त्याच चालीवर घेते. वर्गात ठोकायला बाक असेलच.

अकरा घरी सांगा, चमचा स्टीलचा घ्या. लाकडी नको, आवाज बसका येतो.

आपला,
आजोबा


१७ जुलै

आदरणीय आजोबा,

कृपया हे ताबडतोब थांबवा.

ठेक्यावर बोललं की जवळजवळ कुणीच अडखळत नाही. आम्हाला हे पहिल्याच वर्षी शिकवतात. पण तो गुण ठेक्याचा असतो. चमचा ठेवला की बोलणं होतं तिथंच येतं, आणि मुलाला वाटतं की आपण हरलो. वर्गात ती बाकावर ठोकत स्वतःचं नाव पुकारणार आहे का? मागच्या वेळी मुलं हसली होती, ह्या वेळी किती हसतील?

चमचा काढून घ्या. पुकारा बंद. वहीत मी सांगितलं होतं तेवढंच करा. पुस्तकातलं एक पान उतरवून सोबत पाठवते आहे, ते वाचा.

मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मी काय काय बोलून बसले, ते आठवून मला कुठं तोंड लपवू असं झालंय. पण तो माझा प्रश्न. तुम्हाला इतकंच सांगते की तुम्ही तिला बोलायला शिकवलं नाहीत, लपायला शिकवलंत.

बोलताई


३० जुलै

आदरणीय आजोबा,

तेरा दिवस झाले, तुमचं उत्तर नाही. तुमच्या घरी सगळे बरे आहेत ना? सूनबाईंचा फोनही लागत नाही.

शाळा एक सप्टेंबरला उघडते आहे. भिंगरी कशी आहे, एका ओळीत तरी कळवा.

बोलताई


३ ऑगस्ट

बोलताई,

सगळे बरे आहेत. उत्तर लिहायला बसत होतो आणि उठत होतो.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी चमचा काढून घेतला. तेव्हापासून भिंगरी बोललेली नाही. बोट दाखवते, मान हलवते, फ्रॉक ओढते. वहीत काय टाकू, हा प्रश्न पडला. अजिबात अडखळली नाही तर शून्य, असं तुम्ही लिहिलंय. बोललीच नाही, तर अडखळणार कुठून? आकडा टाकला नाही. दोन आठवड्यांच्या ओळी कोऱ्या आहेत.

तुमचा राग नाही. तुमचं शेवटचं वाक्य मी घडी घालून खिशात ठेवलं होतं. ते खरं आहे. मला दुसरं काही येतच नव्हतं, म्हणून तेच शिकवलं.

मी अडखळतो. लहानपणापासून. शाळा त्यापायीच चौथीत सोडली, घरी सांगितलं की डोकं चालत नाही. एकोणिसाव्या वर्षी लिलावाच्या हॉलमध्ये खुर्च्या लावायला लागलो. एक दिवस पुकारा करणाऱ्याचा घसा बसला. मालक म्हणाला, तू उभा राहा. पहिला शब्द अडला. पण ठेका धरला आणि तोंडातून जे सुटलं ते अख्खा आरसेमहाल विकेपर्यंत थांबलं नाही. तेव्हापासून मी थांबलो नाही. घरी, दारी, बाजारात, भरभर. मध्ये फट राहिली तर शब्द त्यात पडेल ही धास्ती. दुसऱ्याच्या बोलण्यातली फटसुद्धा मला बघवत नाही, लगेच बुजवतो. तुम्हाला वाटलं असेल, म्हाताऱ्याला घाई फार.

माझ्या बायकोला माहीत होतं. ती गेली. मुलाला माहीत नाही. तो मोठा झाला तोवर मी तरबेज झालो होतो. लिहिताना अडत नाही, म्हणून तुम्हालाही कळलं नाही.

मुलगा परवा आला होता. तिला गप्प बघून म्हणाला, "ठरलं. यंदा घरीच." मी त्याला अडवलं नाही. आता तुम्ही सांगाल तसं.

आपला,
आजोबा


६ ऑगस्ट

प्रिय आजोबा,

माझं चुकलं. चमचा थांबवायला सांगितलं ते चूक नव्हतं, पण ज्या तोऱ्यात सांगितलं ते चूक होतं. मीटिंगमध्ये माझी फजिती झाली आणि तो राग मी तुमच्यावर काढला. तुम्हाला पुस्तकाचं पान पाठवलं, तुमची पत्रं मात्र नीट वाचली नाहीत. पंख्याऐवजी पाणी दिल्याचं वाईट वाटणारा माणूस घाईचा नसतो, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

वरिष्ठ बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "ते आजोबा घरी दिवसभर असतात ना? मग एवढी चांगली थेरपिस्ट तुला कुठं मिळणार आहे?"

आता जे सांगते ते पुस्तकात आहे, पण ते तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. भिंगरीला वाटतं की अख्ख्या जगात ती एकटीच अशी बोलते. तुम्ही तिला खरं सांगा. सांगताना भरभर बोलू नका. अडलात तर अडा. तिच्यासमोर, उघड्यावर. तिला बघू द्या की शब्द अडतो, छत कोसळत नाही, आणि थोड्या वेळानं शब्द येतो.

चमचा परत द्या. लिलाव हा खेळ म्हणून फार छान आहे, खेळाच्या पंधरा मिनिटांत खुशाल करा. बाकीच्या वेळी साधं बोलणं.

हे अवघड आहे, ते मला ठाऊक आहे. तुम्ही पन्नासेक वर्षं जे झाकलं ते मी एका पत्रात उघडायला सांगते आहे. नाही म्हणालात तरी मी समजेन. तुमच्या मुलाला मात्र एवढं सांगा की एकतीस ऑगस्टपर्यंत काही ठरवू नका.

तुमची,
बोलताई


२० ऑगस्ट

पोरी,

आता तुला 'तू' म्हणतो. ज्या माणसाला एवढं सांगितलं त्याला अहो-जाहो करत बसणं जमत नाही.

चार दिवस तुझं पत्र घेऊन घरात फिरलो. पाचव्या दिवशी दुपारी ती फरशीवर बसून रंगवत होती. मी समोर मांडी घातली. गुडघे इतके वाजले की तिनंच मान वर केली. म्हटलं, "भिंगरे, मी पण अ-अ-अ..." आणि अडलो. इतक्या वर्षांत असा उघड्यावर अडलो नव्हतो. कान तापले. वाटलं, चमचा घ्यावा. तिनं माझ्याकडे बघितलं, हातातला खडू खाली ठेवला, दोन्ही हात मांड्यांखाली सरकवले आणि त्यांच्यावर बसली.

हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं. जूनमध्ये मी दोन-तीन दिवस बसत होतो, तेव्हा तिनं पाहिलं असणार.

ती थांबली. मी म्हणालो, "अडखळतो."

सव्वीस दिवसांनी ती बोलली. विचारलं, "दु-दुखतं का?"

मी म्हटलं, "नाही गं. ला-लाज वाटते."

ती म्हणाली, "मला पण. आणि इथं घट्ट होतं." गळ्याला हात लावून दाखवलं. मी म्हटलं, मला पण अगदी तिथंच. मग आम्ही कुठली कुठली अक्षरं वाईट आहेत त्याची यादी केली. 'प' दोघांचाही शत्रू आहे. 'म' तिला सोपा, मला नाही. ती म्हणाली, "मग म-वाले शब्द मी तु-तुम्हाला आणून देत जाईन." मी म्हटलं, नको, थांब फक्त. ती म्हणाली, "बरं, थांबते. पण फार वेळ लावू नका, मला रंगवायचंय."

आता घरात रोज स्पर्धा असते. जेवताना ज्याचा शब्द जास्त वेळ अडेल त्याला पहिली पोळी. काल तिनं निकाल दिला, "आजोबा, तुमचा मोठा होता. पण माझा जास्त छान होता." सूनबाई हसता हसता पाणी प्यायली आणि ठसका लागला. तिनं मला एवढंच विचारलं, "बाबा, इतकी वर्षं तुम्हाला दमायला नाही झालं?" मी म्हटलं, झालं.

मुलगा रविवारी आला. त्याच्यासमोर मुद्दाम सावकाश बोललो. 'म'वर अडलो. तो घाबरला, त्याला वाटलं झटका आला, पाण्याचा तांब्या घेऊन धावला. भिंगरीनं त्याला अडवलं. "बाबा, थां-थांबा. आजोबा बोलतायत." तो तांब्या हातात घेऊन उभा राहिला. मी वाक्य पुरं केलं. वाक्य काही मोठं नव्हतं, 'मीठ दे' असं होतं. पण त्यानं तांब्या ठेवला आणि मिठाचं भांडं माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाला, "शाळेत जायचं की नाही, ते तिलाच विचारू."

विचारलं. ती म्हणाली, सांगते नंतर. अजून सांगितलेलं नाही.

आकडे: सहा, सहा, पाच, सहा, सात, सहा. शून्य नाही. पण पोरी, सकाळपासून घरात आवाज आहे.

तुझा,
आजोबा


२४ ऑगस्ट

प्रिय आजोबा,

तुमचं पत्र मी वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवलं. "मीठ दे" पर्यंत आले आणि ते उठून अंगणात गेले. आले तेव्हा म्हणाले, धूळ फार आहे बाहेर. बाहेर सकाळीच पाणी शिंपडलेलं होतं.

सहाचा आकडा मला शून्यापेक्षा जास्त आवडला. वरिष्ठ बाईंनाही दाखवला. मीटिंगमध्ये पुन्हा उभी राहून सांगितलं की मागच्या वेळचं शून्य माझी घाई होती, आणि आता जे सांगते ते सावकाश ऐका. ह्या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. इतर शाळांतल्या सात थेरपिस्ट नंतर माझ्याभोवती येऊन प्रश्न विचारत बसल्या.

भिंगरीला विचारत राहू नका. तिला नंतर सांगायचंय तर नंतर सांगू द्या. मी वर्गातल्या बाईंशी बोलले आहे. त्यांना तिचं नाव पुरवून द्यायचं नाही, एवढंच सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि नाहीच आलं तर?" मी म्हटलं, तर थांबायचं. त्यांना ते फारसं पटलं नाही. मलाही रात्री झोप लागत नाही, हे तुम्हाला म्हणून सांगते.

तुमची,
बोलताई


१ सप्टेंबर

प्रिय आजोबा,

दुपारचे अडीच वाजलेत, मुलं घरी गेलीत, आणि मी भिंगरीच्याच बाकावर बसून लिहिते आहे. बाक लहान आहे, गुडघे हनुवटीला लागतात.

सकाळी तिला फाटकाशी बघितलं तेव्हा कळलं की तिनं उत्तर दिलं. तुम्ही रस्त्यापलीकडे झाडाआड उभे होतात. झाड बारीक आहे, आजोबा. सगळ्यांना दिसत होतात.

ओळख तिसऱ्या तासाला झाली. मी मागे भिंतीशी उभी होते. तिचा नंबर नववा. आठवा मुलगा बसला आणि ती उठली. "माझं नाव..." इथपर्यंत नीट. मग पहिलं अक्षर आलं आणि दार लागावं तसं बंद झालं. तिचे ओठ आवळले, मान ताठ झाली. मी मनात मोजत होते. चार. पाच. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्यांचं तोंड उघडलं. मी इतक्या लांबून काही करू शकत नव्हते.

भिंगरीनं हात वर केला. पोलिसानं गाडी थांबवावी तसा, बाईंच्या दिशेनं. बाईंनी तोंड मिटलं.

नऊ. दहा. अकरा. आणि नाव आलं. पूर्ण. मधलंही, आडनावही. आडनावावर आणखी एकदा अडली आणि तेही आलं.

मग तिनं हात खाली घेतला आणि खुसखुसणाऱ्याकडे वळून म्हणाली, "मी अ-अडखळते. माझे आजोबा पण अडखळतात. ते मोठे आहेत आणि ते लिलाव करतात. तुला अडखळता येतं का?" त्या मुलानं मान हलवून नाही म्हटलं. "मग ह-हसू नको," ती म्हणाली, "आधी शिक."

बाई म्हणाल्या, "छान. बस आता." ती बसली नाही. घरची माहिती राहिली होती ना. वाघ, चप्पल, काकू, तांब्या, सगळं निघालं. काकूंचं झाकण ढिलं असल्याचंही. मी अडखळणं मोजत होते. एकवीसपर्यंत मोजलं, मग गोष्ट इतकी रंगली की मोजायचं राहून गेलं. वर्ग हसत होता, पण ह्या वेळी ती हसवत होती म्हणून.

दहाव्या नंबरच्या मुलीची पाळी आजच्या दिवसात आलीच नाही. ती उद्या सांगेल.

आकडा मी टाकत नाही. तुम्हीच टाका.

तुमची,
बोलताई


३ सप्टेंबर

पोरी,

मी झाडाआड नव्हतो, झाडाला टेकलो होतो. पाय दुखत होते.

हॉल सोमवारी उघडतोय. मालकाला सांगितलं, पुकारा ठेक्यावर करीन, पण मधल्या सूचना साध्या बोलीन आणि अडखळीन, चालेल का? तो म्हणाला, "तुम्ही अडखळता?" म्हटलं, हो. म्हणाला, "बरं. खुर्च्या पुसून घ्यायच्या आहेत." चौतीस वर्षं मी ज्याला भ्यालो ते एवढंच होतं.

भिंगरी परवा घरी आली ती दप्तर न काढताच बोलायला लागली. कोण कुठं बसलं, कुणाचा डबा सांडला, बाई कशा बघत होत्या. हात धुताना बोलली. जेवताना बोलली. अडत होती, पुढे जात होती, मागे येऊन राहिलेलं सांगत होती. सूनबाई सुट्टी घेऊन थांबली होती, मुलगा फोनवर होता, आणि आम्ही तिघं ऐकत होतो. मलाही बरंच विचारायचं होतं. झाडापासून मला काय काय दिसलं ते सांगायचं होतं. मी तीनदा तोंड उघडलं.

तिन्ही वेळा ती म्हणाली, "आजोबा, थांबा. माझं संपलं नाही."

ताट वाळलं तरी संपलं नव्हतं. अजून माझी पाळी आलेली नाही.

तुझा,
आजोबा